नव्या औषधाची पारख करायला संभाजीनगरला

आमच्या मिरज भागातून माणसं संभाजीनगरला जातात ती वेरूळ-अजिंठा बघायला, नाहीतर वाळूजच्या कंपन्यांत नोकरी शोधायला. मी आणि माझी बायको शालन गेलो ते वर्तमानपत्रातल्या एका बातमीमागे. चार दिवस राहिलो. लेणी बघितली नाहीत. तरी परत आल्यापासून जो तो विचारतो, काय बघितलंत? म्हणून हे लिहून काढतोय.

बातमी अशी होती : किडनीच्या एका आजारावर नवं औषध आलंय, आता डायलिसिस टळणार. 'टळणार' हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. आजाराचं नाव तेच, जे दीड वर्षापासून शालनच्या फाइलवर आहे. या आजारात किडनीच्या गाळण्या हळूहळू खराब होतात, अंगाला लागायचं प्रोटीन लघवीतून वाहून जातं, आणि गाळण्या संपल्या की माणूस मशीनवर जातो. हे सगळं आमच्या इथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. बातमी मात्र सांगितली नव्हती.

मी कात्रण त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते वाचून म्हणाले, "हे औषध यांना देता येणार नाही. कारण असं की..."

कारण ऐकायला मी थांबलो नाही. "तुमच्याकडं डायलिसिसच्या मशिनी आहेत, त्यांना माणसं लागतात, हे कारण मला ठाऊक आहे," असं म्हणून मी उठून बाहेर आलो. शालन माझ्यामागून दोन-तीन मिनिटांनी आली. आत काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

माझा स्वभाव तापट आहे. सातवीत शाळा सुटली. दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढता काढता म्हशींची पारख शिकलो आणि त्यावर घर उभं केलं. बाजारात मला कोणी फसवत नाही. फसवलं ते एकदाच, आणि तेही बाजारात नाही. आईला पोटाच्या दुखण्यासाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. कशाचं ऑपरेशन, धोका काय, असं विचारलं तर तिथले डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "तुम्हाला नाही कळणार त्यातलं. सही करा." मी सही केली. तिसऱ्या दिवशी आई गेली. का गेली, ते मला आजही माहीत नाही. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की माझं डोकं फिरतं.

बातमीत संभाजीनगरच्या एका डॉक्टरबाईंचं बोलणं छापलं होतं. शालनची धाकटी बहीण नंदा त्याच शहरात मुकुंदवाडीला राहते. मग काय, बॅग भरली.

पहिला दिवस : मुकुंदवाडी

बसस्टँडवर उतरलो आणि पहिलाच सौदा केला. रिक्षावाल्याने मुकुंदवाडीचे जे पैसे सांगितले, ते मी घासाघीस करून निम्म्यावर आणले. शालनकडे ऐटीत बघितलं. जालना रोडला लागताच त्याने हात केलेले आणखी तिघे आत भरले. एक माझ्या मांडीवरच बसला म्हणा. स्टेशनच्या वळणावर उतरलो तेव्हा साडू भगवानराव घ्यायला उभे होते. मी सौदा सांगितल्यावर ते हसत सुटले.

"भाऊ, ही शेअर रिक्षा हाय. तुम्ही कमी केलेलं निम्मं त्यानं त्या तिघांकडून काढलं. लई भारी भाव केला तुम्ही!"

"मग आधी का नाही बोलला तो?"

"तुम्ही कुठं विचारलं? तुम्ही तर नुसता भावच करू लागले."

भगवानराव पैठणकडचे, वाळूजला कंपनीत फोरमन. कंपनीची बस पकडायला रोज पहाटे निघतात आणि संध्याकाळी परत आल्यावर दारात खुर्ची टाकून रेल्वे बघत बसतात. मुकुंदवाडीचं स्टेशन अगदी छोटं आहे. बऱ्याच गाड्या थांबतच नाहीत, नुसत्या घरातली भांडी वाजवून जातात. नंदाला याची इतकी सवय झालीय की गाडी आली की ती बोलता बोलता थांबते, गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करते.

जेवायला तिने येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ. आमच्याकडे पाहुणा आला की तांबडा रस्सा आणि त्यावर बोटभर तेलाचा तवंग. इथल्या आमटीला तसा डौल नाही, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर ती पोटात शांतपणे उतरते. शालनसाठी नंदाने मीठ घालायच्या आधीच एक वाटी बाजूला काढली होती. शालनने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ग्वाड लागतीया." दीड वर्ष मीठ तोडलेल्या जिभेला काय गोड लागतं देव जाणे. मी मात्र दोन भाकऱ्या जास्तीच्या खाल्ल्या.

रात्री झोपायच्या आधी मी शालनला बजावलं, "उद्या मी बोलणार. तू गप्प बसायचं."

ती म्हणाली, "बसते की. आतापतुर काय केलंय?"

दुसरा दिवस : दवाखाना

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. बाकावर आमच्या शेजारी एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते, रशीदभाई. शहागंजमध्ये त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे. साखरेमुळे त्यांची किडनी खराब झालेली. ते एका दुसऱ्या नव्या औषधाच्या अभ्यासात भाग घेत होते, म्हणजे औषध बाजारात येण्याआधी ज्यांच्यावर बघतात त्यांच्यापैकी एक.

"मग गुण आला का?" मी विचारलं.

"क्या बोलू मियाँ," ते म्हणाले, "मला खरी गोळी मिळाली का खोटी, हेच मला ठाऊक नाही."

"खोटी म्हणजे?"

"निम्म्या लोकांना औषधाची, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच. देणाऱ्या डॉक्टरलासुद्धा माहीत नसतं कोणाला कोणती."

माझा आवाज चढला. "आजारी माणसाला खोटी गोळी? आणि तुम्ही गप्प घेता?"

बाकावरचे सगळे वळले. शालनने माझी बाही ओढली. रशीदभाई मात्र हसले. "बैठो, बैठो. सही करायच्या आधी सांगितलंय ना त्यांनी. फसवणूक नाय ती. आणि नेहमीची औषधं चालूच हायत माझी. आता मला सांगा, औषध घेतलं म्हटलं की अर्धा आजार मनानंच कमी होतो का नाय? मग औषधानं किती आणि मनानं किती, कसं कळावं?"

मी बसलो. पण पटलं असं कबूल केलं नाही.

डॉक्टरबाई चाळिशीच्या आतल्या. कात्रण बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, मी पत्रकाराशी दोन वाक्यं बोलले होते. पहिलं, निकाल आशादायक आहेत. दुसरं, पण किडनी खरोखर किती वर्षं टिकते ते अजून कळायचंय. छापलं पहिलंच."

"आम्हाला पहिलंच पुरे आहे," मी म्हणालो. "औषध कुठं मिळतं तेवढं सांगा. लागेल ते मी बघतो."

त्यांनी फाइल चाळली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. रक्तदाब कधीपासून, सूज कधी येते, घरात कोणाला असं काही होतं का. उत्तरं मी देत होतो. मग त्यांनी विचारलं, "यापूर्वी कुठला मोठा आजार?"

इथे मी माझ्या धंद्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारात जनावर उभं करणारा त्याची खोड आपणहून कधी सांगत नाही. म्हैस लाथ मारत असेल, एका सडाला दूध कमी येत असेल, तर ते ओळखणं घेणाऱ्याचं काम. न सांगणं हे खोटं बोलणं नाही, अशी आमच्यात रीत आहे. हा प्रश्न येताच माझ्या मनात एकच आलं : खोड दिसली की ही बाई सौदा मोडणार. मी म्हणालो, "काही नाही. तब्येत दणकट होती."

"टीबी झाला होता मला," शालन म्हणाली. "लगीन झाल्यावर चार वर्सांनी. समदा कोर्स केलाय. फाइलीत न्हाई ते, लई जुनं हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बरं झालं सांगितलंत," त्या तिलाच म्हणाल्या. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दाबतं. जुना टीबी छातीत निजलेला असला तर तो उठण्याची भीती असते, असं त्यांनी समजावलं. छातीचा फोटो आणि रक्ताच्या काही तपासण्या लिहून दिल्या आणि दोन दिवसांनी या म्हणाल्या.

बाहेर कडुनिंबाखाली आल्यावर माझा तोल गेला.

"कशाला सांगितलंस?"

"इचारलं म्हणून."

"झालं! आता देतील का औषध? जमत आलेला सौदा मोडलास तू."

शालन माझ्यावर सहसा आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. हळूच म्हणाली, "मी काय दावणीची म्हस हाय व्हय, खोड झाकून इकायला? आणि इकताय कुणाला? गिऱ्हाईक बी मीच आणि म्हस बी मीच."

"तुला नाही कळायचं त्यातलं," मी म्हणालो.

ती पदर सावरून चालू लागली. तपासण्या तिने एकटीनेच करून घेतल्या, फोन करून नंदाला बोलावलं आणि तिच्याबरोबर घरी गेली.

त्याच संध्याकाळी : शहागंज

रागात माणूस बाजारात जातो. निदान मी तरी जातो. शहागंजला घड्याळाच्या मनोऱ्याभोवती कपडे, अत्तर, चपला, खजूर, सुका मेवा, सगळं एकमेकांच्या अंगावर मांडलेलं. आमच्या बाजारात विकणारा ओरडतो. इथे विकणारा आधी आदराने बोलावतो आणि तुम्ही नको म्हटल्यावर मग ओरडतो. एका हॉटेलात नान-खलिया खाल्ला. मोठा, जाड, पिवळसर नान आणि मटणाचा रस्सा. आमचा रस्सा खाणाऱ्याशी भांडतो, हा समजूत घालतो. त्या दिवशी मला समजुतीची गरज होती, पण ती नानमध्ये सापडली नाही.

रशीदभाईंचं दुकान विचारत विचारत गाठलं. त्यांनी पेटीवर पेटी ठेवून मला बसायला जागा केली, चहा मागवला, आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, "भाभीने बीमारी सांगितली आणि तुम्हाला राग आला, ना? खिडकीतून दिसलं, ऐकू पण आलं सगळं झाडाखालचं."

मी सगळं सांगितलं. टीबी, सौदा, बायकोचं बोलणं.

रशीदभाईंनी एका पेटीची कडी काढली. मग म्हणाले, "मी पण लपवलं होतं. त्या अभ्यासात नाव घालताना विचारलं, दुसरी काही दवा घेता का? मी नाय म्हणालो. एक हकीम होता, त्याची भुकटी चालू होती दुधातून. वाटलं, बोललो तर काढून टाकतील."

"मग?"

"मग तीन महिन्यांनी माझ्या रिपोर्टातला आकडा असा सुधारला की सगळे खूश. आणि मला रात्री झोप येईना. आकडा कशानं सुधारला? त्यांच्या गोळीनं? भुकटीनं? ते लोक तर माझा आकडा गोळीच्या नावावर लिहिणार. उद्या तो पेपरात छापून येणार. आणि तुमच्यासारखा कोणी तिकडून मिरजेहून तो वाचून येणार." त्यांनी कडी लावली. "मियाँ, पेपरातला आकडा आभाळातून पडत नाय. तो माझ्यासारख्या माणसांचाच बनतो. मीच खोटा निघालो तर आकडा कसा खरा?"

"सांगितलंत?"

"हौ, जाऊन सांगितलं. वाटलं ओरडतील. आपल्या त्याच डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं आणि शुक्रिया म्हणाल्या. मला शरम वाटली."

परत येताना मी शेअर रिक्षात मधल्या जागेवर चेपून बसलो होतो, आणि कडुनिंबाखालचं माझं शेवटचं वाक्य कानात पुन्हा वाजलं. 'तुला नाही कळायचं त्यातलं.' ते वाक्य माझं नव्हतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात मला कोणीतरी ते दिलं होतं, मी इतकी वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडली, आणि आज तेच बायकोच्या हातात ठेवलं. अशा वेळी रिक्षातून उतरून चालत जावंसं वाटतं. पण दोन्ही बाजूंनी माणसं होती.

घरी गेल्यावर माफी वगैरे मागितली नाही. आमच्यात ती भाषा नाही. शालनने सगळ्यांना जेवण वाढलं. फक्त माझ्या ताटात लोणचं वाढलं नाही.

तिसरा दिवस : दौलताबाद

भगवानरावांना सुट्टी होती. "पाव्हणे आले आन् किल्ला बी नाय दाखवला, लोक काय म्हणतील!" असं म्हणून त्यांनी आम्हाला दौलताबादला नेलं. पावसाळा नुकताच सरला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी डोंगर हिरवे, आणि मध्येच तो किल्ला, काळा कातळ सरळ उभा तासलेला. आमच्याकडचे गड डोंगराला चिकटून असतात. हा डोंगरच कुणी सोलून ठेवल्यासारखा दिसतो. शालनला दम लागतो, म्हणून ती आणि नंदा खाली सावलीत बसल्या. भगवानराव वर जायला निघाले. मी दहा पायऱ्या चढलो आणि परत फिरलो. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे दुखत नव्हते.

रस्त्याकडेला बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. शालनला सीताफळ फार आवडतं. किडनीवाल्यांनी ते जपून खावं असं तिला सांगितलेलं आहे. ती पाटीसमोर उकिडवी बसली आणि एकेक फळ हातात घेऊन बघू लागली.

"मावशी, आज खायचं का उद्या?" विकणारीने विचारलं.

"खानार न्हाई मी. बघती नुसती."

"बघायचे पैसे नायत. बघा मनसोक्त!"

शालन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग उठून माझ्याशेजारी दगडावर येऊन बसली आणि समोर बघत म्हणाली, "त्या बाईला एक इचारायचं ऱ्हायलं."

"काय?"

"किती धारा बघितल्या?"

मला कळलं नाही. ती पुढे म्हणाली, "तुमीच म्हनता न्हवं, म्हस घ्यायची तर तीन धारा समोर काडून घ्याव्यात. इकनारा सकाळची धार चुकवून बाजारात आनतो, मग दुधानं कास टम्म दिसती. कास बघून घेतली की फसगत. त्या औषधानं परोटीन कमी झालं म्हंत्यात. पर ती कास झाली. दूध किती दिलं? किडनी किती वर्सं टिकली? किती दिस बघितलं त्यांनी?"

बाजारात दर आठवड्याला हे मी दहा जणांना ऐकवतो. म्हशीजवळ बसून धार काढायचं काम मात्र घरात तीच करते. बातमी वाचताना मला मोठ्या अक्षरातली कास दिसली होती, आणि मी दावं सोडून म्हैस घरी न्यायला निघालो होतो.

"उद्या हे तूच विचार," मी म्हणालो.

"तर! तुमी इचारलं असतं तर भांडनच झालं असतं."

चौथा दिवस : पुन्हा दवाखाना

शालनचा प्रश्न डॉक्टरबाईंना आधी समजावून सांगावा लागला. कास म्हणजे काय, धार चुकवणं म्हणजे काय. समजल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अभ्यासाचा मूळ इंग्रजी कागद कॉम्प्युटरवर उघडला.

"काकू, बरोबर तुमच्या प्रश्नावर आमच्यातही वाद आहे," त्या म्हणाल्या. "हा अभ्यास करणाऱ्यांनी वर्षाच्या आतच मोजलंय. प्रोटीन कमी झालं, हे खरं आहे. आणि प्रोटीन कमी झालं की बहुतेक वेळा किडनीही जास्त टिकते, हेही खरं आहे. म्हणजे कास भरलेली असणं वाईट नाही."

"न्हाई कसं. रिकाम्या कासंपरीस बरीच की."

"पण 'बहुतेक वेळा' म्हणजे 'नेहमी' नाही. काही औषधांनी पूर्वी कागदावरचा आकडा सुधारला आणि माणसाला काहीच फायदा झाला नाही. म्हणून हे लोक तेच रुग्ण अजून काही वर्षं बघणार आहेत."

मग त्यांनी बोट एका बारीक अक्षरांच्या परिच्छेदावर नेलं. अभ्यासात कोणाला घेतलं नाही, त्याची यादी होती. जुना टीबी झालेल्यांना घेतलं नव्हतं.

हे मात्र मला लगेच कळलं. बाजारात कोणती जनावरं आणली हे सगळेच बघतात. हुशार व्यापारी विचारतो, घरी कोणती ठेवली? "म्हणजे आमच्यासारखीला हे औषध वाईट, असं ठरलंय?" मी विचारलं.

"नाही काका. ठरलंच नाहीये. तपासलंच नाही. मला माहीत नाही, आणि सध्या कोणालाच माहीत नाही."

चाळीस वर्षांत मी खूप विकणारे बघितले. आपल्या मालाबद्दल 'मला माहीत नाही' म्हणणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं. राग यावा तर कशाचा यावा, हेच कळेना. मी एवढ्या लांब उत्तर घ्यायला आलो होतो. त्यांनी उत्तर कुठवर आहे ती हद्द दाखवली.

शालनने मुद्द्याचं विचारलं. "तवर माझी किडनी दम धरंल?"

बाईंनी तिच्या जुन्या रिपोर्टांतले आकडे एका ओळीत लिहिले आणि कागद तिच्यापुढे सरकवला. आकडे बिघडत होते, पण हळू. "खात्री देत नाही. पण वेळ आहे असं वाटतं. छातीचा फोटो ठीक आहे. आत्ताची रक्तदाबाची गोळी प्रोटीनवरही काम करते, तिचा डोस थोडा वाढवता येईल. मीठ तुम्ही तोडलंच आहे. दोन रस्ते आहेत. एक, तुम्ही धोका पत्करून नवं औषध घ्यायचं. मी ते स्वतःहून सुचवणार नाही, पण तुम्हाला दुसऱ्या कोणाचं मत घ्यायचं असेल तर चिठ्ठी देते. दुसरा, थांबायचं, दर तीन महिन्यांनी मोजायचं, आणि आकडा पळायला लागला तर पुन्हा बसून विचार करायचा."

मी तोंड उघडलं. घासाघीस करायचीच होती मला. कमी डोस द्या, महिनाभर देऊन बघा, काहीतरी. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

शालनने कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. तिला अक्षरओळख बेताची, पण आकडे पक्के येतात. मग म्हणाली, "टीबीत मी वरीसभर जगली ते खोकत, लेकराला जवळ न घेता. ते परत नगं. थांबू या. आकडा पळाला तर मीच यीन. यास्नी न सांगता यीन."

बाई हसल्या. मी हसलो नाही. माझ्या सहीची कोणाला गरज पडली नव्हती, आणि तरीही त्या खोलीत काय ठरलं आणि का ठरलं, ते पहिल्यांदाच मला सगळं माहीत होतं. आईच्या वेळी एवढंच हवं होतं. आई वाचली असती असं नाही.

घरी आल्यावर

परत आल्याला आता दीड महिना झाला. ज्यांच्या घरात असा आजार आहे आणि ज्यांच्या मोबाइलवर अशा बातम्या येतात, त्यांना मी एवढंच सांगतो की बातमी खोटी नव्हती. ती अपुरी होती, आणि तिचा उरलेला भाग शोधायला मला चारशे किलोमीटर जावं लागलं. खरं म्हणजे तेवढंही लागलं नसतं. परतताना बसमध्ये शालनने सांगितलं की मी तणतणत बाहेर पडल्यावर इथल्या डॉक्टरांनी तिला टीबीचंच कारण सांगितलं होतं; टीबीचं तिने त्यांना मागेच तोंडी सांगून ठेवलं होतं. "मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. "तुमी तिकिटं काडली व्हती," ती म्हणाली. "आन् नंदाला भेटून दोन वर्सं झाली व्हती."

इथल्या डॉक्टरांवरचा माझा राग सगळा गेला, असं मी म्हणणार नाही. त्यांनी वाक्य पुरं करायला मला दारातून हाक मारायला हवी होती, असं मला अजून वाटतं. पण गेल्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडे गेलो. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. त्यांनी सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, "काय, सूज कशी आहे यांची?"

"मला नका विचारू," मी म्हणालो. "त्या बसल्यात समोर."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. शालन बोलायला लागली. सूज कधी येते, कुठल्या पायाला आधी येते, लघवीला फेस पहिल्यांदा कधी दिसला. तो तिला आजार कळायच्या दोन वर्षं आधीपासून दिसत होता, आणि म्हशींच्या हंगामात कशाला सांगायचं म्हणून तिने सांगितला नव्हता. डॉक्टर लिहून घेत होते. मीही ऐकत होतो. चौतीस वर्षांच्या संसारात त्यातली निम्मी माहिती मला नवी होती.